खालच्या फांदीवरचा ठिपका

“हा ठिपका तर खालच्या फांदीवर गेला की हो,” शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात नवशिक्याला कोडं सुटल्यावर होतो तसा आनंद होता. तो त्या वेळी चष्मा पुसत होता. चष्म्याशिवाय समोरचा पडदा म्हणजे नुसता पांढरट उजेड दिसत होता, आणि चष्मा तसाच हातात धरून आपण उठून बाहेर गेलो असतो तर, असं पुढे पुष्कळ दिवस त्याच्या मनात येत राहिलं. पण हात बिचारे आपलं नेहमीचं काम करत राहतात. चष्मा नाकावर चढला, पडदा स्वच्छ झाला आणि तो ठिपका त्याला दिसला. वरच्या दाट, भरगच्च फांदीत नाही. खाली, जिथे चारपाच ठिपक्यांची एक किरकोळ डहाळी होती, तिच्या टोकाला, पण बाकीच्यांपासून लांबवर ओढून नेल्यासारखा. “बरोबर आहे ना?” मुलीनं विचारलं. “पुन्हा एकदा चालवून बघ,” तो म्हणाला. “दोनदा चालवलं,” ती म्हणाली आणि डबा उघडायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या लेखी तो एक क्रमांक होता: मेंदूच्या ऊतीतून मिळालेला गोवराचा विषाणू, मुलगी, वय वर्षं अकरा. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे त्याची भाची, त्याच्या ताईची छोटी, हे त्या खोलीत त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. विभागाच्या मॅडमना माहीत होतं, पण त्या पलीकडच्या खोलीत होत्या. नमुना आला त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “हे तू करायचं नाहीस. आणि बघायचंही नाहीस.” त्यानं मान डोलावली होती. मग ज्या मुलीकडे काम गेलं तिचं टेबल आपल्या टेबलाशेजारीच आहे, हे मॅडमही विसरल्या आणि त्यानंही आठवण करून दिली नाही.

तो अर्धं आयुष्य हेच करत आला होता. लोक माणसांची सोयरीक जुळवतात, हा विषाणूंची नाती लावायचा. गोवराचा विषाणू स्वतःची नक्कल करतो, आणि नक्कल करताना घाईत लिहिणाऱ्या कारकुनासारखा कुठे एखादं अक्षर चुकवतो. ती चूक मग पुढच्या सगळ्या नकलांत उतरते, मुलाबाळांत नाकाचा बाक उतरावा तशी. कुणाकडे कोणती चूक आहे ते लावत गेलं की कोण कुणापासून आलं याचं झाड उभं राहतं. छोटी तान्ही होती त्या वर्षी शहरात गोवराची मोठी साथ आली होती, आणि झाड काढल्यावर कळलं होतं की ती एक साथ नव्हतीच. दोन वेगळे वंश दोन वेगळ्या वाटांनी शहरात शिरले होते. एक शाळांमधून, वस्त्यांमधून पसरत गेला, ती वरची भरगच्च फांदी. ताईच्या नणंदेची लेक त्या साथीत दवाखान्यात होती, तिच्या घशातला नमुनाही याच टेबलावर आला होता, आणि तो वरच्या फांदीत, अगदी ऐन गर्दीत बसला होता. दुसरा वंश फारसा वाढला नाही. त्याचे मोजकेच नमुने मिळाले, आणि ती सगळी मुलं एकाच आठवड्यात एकाच रुग्णालयाच्या बालविभागात बाकांवर बसून गेलेली होती. कुणी खोकल्यासाठी, कुणी जुलाबांसाठी. त्या डहाळीला तेव्हा त्यानंच नाव दिलं होतं, ‘दवाखान्याची साखळी’. नाव देताना त्याला थोडा अभिमानही वाटला होता. पुढे ती साखळी तुटली, तो वंश शहरातून गेला, आणि आता तर जगातच कुठे सापडत नाही. सापडत नाही असं त्या दुपारपर्यंत तोही म्हणाला असता. आणि तो इथेच होता, दोन बसथांबे पलीकडे, त्याला मुंगळामामा म्हणणाऱ्या पोरीच्या डोक्यात.

मुंगळामामा हे नाव तसं ताईचंच. लहानपणी तो तासन्‌तास भिंतीच्या कडेला मुंग्यांची रांग बघत बसायचा म्हणून ताई त्याला मुंगळ्या म्हणायची, आणि छोटीनं बोलायला लागल्यावर त्याला मामा जोडून टाकला. घरात दोनच मुली होत्या, म्हणून ताईची ती छोटी आणि नणंदेची ती मोठी. खरी नावं शाळेपुरती. मोठी सहा वर्षांची असताना आईबरोबर मामाकडे, म्हणजे ताईच्या घरी, राहायला आली होती. दिवसभर सात महिन्यांच्या छोटीला मांडीवर घेऊन बसली, तिच्या गालांचे पापे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच अंगावर पुरळ उठलं. नणंदेच्या नवऱ्याच्या बदल्यांच्या धामधुमीत मोठीची लस राहून गेली होती. छोटीचं तर लसीचं वयच झालं नव्हतं. काही दिवसांनी छोटीलाही गोवर निघाला, ताप आला, उतरला, आणि गोवर गेला. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. दाजी तर हसून म्हणाले होते, “चला, एकदा होऊन गेला, आता जन्मात व्हायचा नाही.” हे वाक्य खोटं नव्हतं. फक्त गेला नव्हता. एखादा विषाणू, लाखात एखाद्या पोराच्या बाबतीत, मेंदूत शिरून बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच आपल्या चुका वाढवत राहतो. बाहेर पडायची त्याची कळच मोडते. त्याला कुणाला लागण करता येत नाही, कुठे जाता येत नाही, फक्त एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतो. म्हणूनच तर ठिपका एवढा लांब ओढल्यासारखा दिसत होता. सगळी वर्षं तिथे साठली होती, तिचं रांगणं, तिचे दुधाचे दात, तिची पहिली शाळा.

तो बसथांब्यावर उभा राहिला, एक बस गेली, दुसरीही गेली. समोरच्या दुकानात एक बाई पोराच्या पायात बूट घालून अंगठ्याशी दाबून बघत होती. छोटीचं पहिलं लक्षण बुटांचंच होतं. तिला नाडी बांधता येईनाशी झाली. येत होती, आणि मग येईनाशी झाली. ताई तिच्यावर ओरडली होती, “आठ वर्षांची घोडी झालीस, लक्ष कुठे असतं तुझं?” मग अक्षर बिघडलं. बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं की ती वर्गात हरवल्यासारखी असते. मग पेले पडायला लागले. जेवताना हातातून पेला सुटायचा आणि तिच्या खांद्याला एक हिसका बसायचा, कुणी मागून दचकवल्यासारखा. एका संध्याकाळी तो तिच्यासमोर बसला होता आणि ते हिसके बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की ते ठरावीक वेळानं येताहेत, घड्याळासारखे. त्यानं या आजाराबद्दल वाचलं होतं, त्यावर दोन ओळी लिहिल्याही होत्या. त्यानं पडलेला पेला उचलून सरळ ठेवला. छोटी म्हणाली, “मामा, मी मुद्दाम नाही पाडत,” आणि तो म्हणाला, “मला माहीत आहे.” पुढे तिचे शब्द गेले. एकदम नाही, घरातून भाडेकरू एकेक सामान हलवतो तसे गेले. शेवटी शेवटी ‘नको’ एवढा एकच शब्द तिच्यापाशी राहिला, आणि हव्या असलेल्या गोष्टीलाही ती तेच म्हणायची. ताईला मात्र दोन्ही ‘नको’तला फरक बरोबर कळायचा. मग तोही शब्द गेला आणि नळी आली, हवेची गादी आली, कुशीवर वळवायच्या वेळा आल्या.

रोगाला नाव मिळालं तो दिवस सगळ्यांच्या आठवणीत काचेसारखा रुतून बसला होता. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी गोवर झाला होता का? किती महिन्यांची असताना?” खोलीत ताई होती, दाजी होते, हा होता, आणि फळांची पिशवी घेऊन नुकतीच आलेली ताईची नणंद होती, मोठीला बरोबर घेऊन. ताई वळली. ती ओरडली नाही, हेच वाईट झालं. अगदी शांत आवाजात म्हणाली, “वन्सं, तुमच्या मुलीनं दिला.” मोठी तेव्हा चौदाएक वर्षांची होती. तिनं हातातली पिशवी जमिनीवर ठेवली, नीट, आवाज न करता, आणि दोन पावलं मागे सरकली, जणू अजूनही तिच्या श्वासातून काही जात होतं. त्यानंतर त्या दोघी त्या घरात आल्या नाहीत. दाजी बहिणीला भेटायचे ते कामावरून परस्पर, वाट वाकडी करून. त्यांच्याकडूनच याला कळायचं की मोठी आता कुणाच्या घरी जात नाही, तान्हं मूल दिसलं की रस्ता ओलांडते, हात धुऊन धुऊन तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. छोटी गेली त्या दिवशी ती रुग्णालयाच्या मागच्या जिन्यात बसून होती. वर आली नाही. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं, आणि तिनं तोंडावर ओढणी धरली.

मॅडमना त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. “अहवाल डॉक्टरांकडे जाईल. घरच्यांना वंश कळायची काही गरज नसते,” त्या म्हणाल्या. “त्यांना काय करायचंय? कुणालाच काय करायचंय?” “एका मुलीला करायचंय,” तो म्हणाला, आणि त्यांना मोठीची सगळी हकीकत सांगितली. मॅडम म्हणाल्या, “मग सांगून टाक की, तिचा नव्हता म्हणून.” “आणि ताईनं विचारलं, मग कुणाचा?” हीच तर मेख होती. छोटीला सर्दी झाली म्हणून ताई तिला त्या रुग्णालयात घेऊन गेली होती, मोठी येऊन गेली त्याच आठवड्यात. दाजी म्हणाले होते, सर्दीच तर आहे, दोन दिवस बघू. ताईनं ऐकलं नव्हतं. किती वर्षांनी झालेली पोर, शिंकली तरी ताईचा जीव वरखाली व्हायचा. तेव्हा त्या काळजीची सगळे थट्टा करायचे. तोही करायचा. मोठीच्या डोक्यावरचं खापर उतरवायचं तर ते हवेत ठेवता येत नाही, कुठेतरी ठेवावंच लागतं. आणि जागा एकच होती, ताईची मांडी. रस्त्यानं चालताना तो मनाशी वाक्यं जुळवायचा. ‘दोन वंश होते, कुठला कुणाचा ते सांगता येत नाही.’ खोटं. ‘यंत्रांच्या चुका होतात.’ खोटं. त्याला वाटायचं, आपण आयुष्यभर कोण कुणापासून आलं एवढंच शोधलं, पण कुणी कुणाला काही दिलं असं त्या झाडात कुठेच लिहिलेलं नसतं. देणं हा माणसांचा शब्द. विषाणूला ना देता येतं ना घेता, तो नुसता जातो. पण हे ताईला सांगून काय उपयोग? तिनं तीन वर्षं त्या शब्दावर काढली होती. रात्रंदिवस पोरीच्या तोंडातली लाळ पुसताना माणसाला रागाचा तरी आधार लागतो.

रविवारी सकाळी तो तिच्याकडे गेला. दाजी औषधांची खोकी परत करायला बाहेर गेले होते. ताई छोटीच्या खोलीत जमिनीवर बसून हवेच्या गादीतली हवा काढत होती. गादी रुग्णालयाची, परत द्यायची होती. खोली आधीच रिकामी वाटत होती. भिंतीवर पलंगाच्या कठड्याचा घासलेला पट्टा तेवढा उरला होता. ताईचे केस विंचरलेले होते, पातळ नीट नेसलेलं होतं, आणि हे बघून त्याला जास्तच भीती वाटली. “बरा आलास,” ती म्हणाली. “त्या टोकाला गुडघा दाब. माझ्या वजनानं ही ढिम्म हलत नाही.” त्यानं गुडघा दाबला. हवा फुसफुसत जात राहिली. “जाडी झालीस म्हणतात ते खोटंच की,” तो म्हणाला. ती किंचित हसली. मग तिनं मान वर न करता विचारलं, “आलं का तुमचं ते?”

“आलं.”

“मग?”

“ताई, मोठीचा नव्हता.” वाक्यं जुळवलेली सगळी विसरली होती. “तिचा वेगळ्या वंशातला होता. छोटीचा वेगळा. त्यात शंका नाही. मोठीपासून छोटीला काहीही गेलेलं नाही.”

ताईचे हात गादीवर होते तसेच राहिले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती खोकत होती आणि बंद पडत होती. तो वाट बघत होता त्या प्रश्नाची. प्रश्न आलाच नाही. ताई म्हणाली, “दवाखाना.”

त्यानं गादीकडे बघत मान डोलावली.

“मला ठाऊक होतं रे,” ती म्हणाली. “म्हणजे ठाऊक नव्हतं. पण होतं.” मग ती हळूहळू बोलत गेली, गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत. त्या दिवशी बालविभागात पाय ठेवायला जागा नव्हती. छोटीला घेऊन ती बाकावर बसली होती. एक बाई आली, कडेवर दीडेक वर्षांचं मूल, डोळे लालभडक, नाकातून पाणी. बाई एकटीच होती, तिला खिडकीवर केसपेपर काढायला जायचं होतं आणि मूल ठेवायला कुणी नव्हतं. “मी म्हटलं, द्या इकडे. एका मांडीवर छोटी, एका मांडीवर ते. तापानं नुसतं फणफणत होतं रे. छोटीनं त्याचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. मला हसू आलं. मी म्हटलं, बघा, लगेच मैत्री झाली. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला ना, गोवर झाला होता का, तेव्हा पहिल्यांदा मला ते बोट आठवलं. मोठी नाही आठवली. मोठी समोर उभी होती म्हणून तिच्यावर गेलं. ते बोट मला बघवेना, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.”

त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ताई, तू त्या बाईला मदत केलीस, असलं काहीतरी, आणि ते शब्द इतके तोकडे होते की त्याला ते उच्चारायची लाज वाटली. ताईनंच विचारलं, “ते पोर वाचलं का? तुझ्याकडे असेल ना ते सगळं.”

होतं. डहाळीचा पहिला ठिपका त्याच मुलाचा असणार, वय जुळत होतं, दिवस जुळत होता. नमुन्यापुढे त्या काळी एक शेरा लिहायची पद्धत होती. “नाही,” तो म्हणाला. “त्याच आठवड्यात गेलं. छातीत उतरला होता.”

ताईनं डोळे मिटले. “म्हणजे तिचं तेव्हाच गेलं,” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं त्या बाईला मनात शिव्या घालत होते. तुला सांगते, मोठीला तोंडानं आणि तिला मनातून. ती कुठेतरी मजेत असेल म्हणून.” हवा संपली होती, गादी चपटी झाली होती, तरी दोघंही तिच्यावर हात ठेवून बसून होते. मग ती म्हणाली, “मोठीला बोलाव.”

“मी सांगतो तिला. तू कशाला?”

“मी तिच्या तोंडावर बोलले होते. फोन लाव.”

मोठी आली तेव्हा दुपार कलली होती. नणंद खालीच थांबली, जिन्याशी. वर यायचा तिला धीर झाला नाही. दार उघडंच होतं, तरी मोठी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सतरा वर्षांची, उंच, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. “मामी, मी इथूनच बोलते,” ती म्हणाली. ताई उठून दारापर्यंत गेली. त्याला ताईची फक्त पाठ दिसत होती.

“तुझा नव्हता तो,” ताई म्हणाली. “छोटीच्या मामानं तपासलंय. तुझ्यापासून छोटीला काही झालं नाही. मी बोलले ते खोटं होतं.”

मोठीचा चेहरा हलला नाही. इतके दिवस बंद असलेल्या खोलीतून सामान काढताना आधी काय उचलावं ते कळू नये, तशी ती उभी होती. मग तिनं तोच प्रश्न विचारला, जो तो आठवडाभर घाबरून चुकवत फिरला होता. “मग कुणाचा होता?”

त्याच्या मनात आलं, पुढे व्हावं, काहीतरी मध्येच बोलावं, सांगता येत नाही म्हणावं. पण ताईनं क्षणही लावला नाही. “दवाखान्यातला,” ती म्हणाली. “एका आजारी पोराला मी मांडीवर घेतलं होतं. छोटीच्या शेजारी. मीच घरी आणला.”

मोठी ताईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं काहीही नव्हतं. उलट एखादी ओळखीची जागा अचानक समोर यावी तसं तिनं पाहिलं. ती जागा तिला आतून बाहेरून पाठ होती, तिथला एकेक कोपरा. तिनं उंबरा ओलांडला. भेगा पडलेल्या हातांनी तिनं ताईची दोन्ही मनगटं धरली.

“मामी,” ती म्हणाली, “तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं.”

एवढंच वाक्य. त्याला आठवेना की या तीन वर्षांत त्या पोरीला हे कुणी म्हटलं होतं का. दाजी नाही, तिची आई नाही, तो नाही. तरी ते तिच्यापाशी तयार होतं, घडी न मोडलेलं, इतके दिवस स्वतःसाठी कुणाच्या तरी तोंडून ऐकायला जपून ठेवलेलं. ताईच्या पाठीला एक झटका बसला, मग दुसरा, आणि तिच्या घशातून असा आवाज आला जो छोटी गेली त्या दिवशीही आला नव्हता. ती तिथेच, दारात, खाली बसली. मोठीही तिच्याबरोबर खाली बसली. जिन्यावरून नणंदेची पावलं घाईघाईनं वर येताना ऐकू आली, आणि तो पाणी आणतो म्हणून आत गेला, नळ सोडला, पेला भरून वाहायला लागला तरी तो तसाच उभा राहिला.